उस्तादांचं नाव



मी फौजी माणूस. तेहतीस वर्षं नोकरी केली, कर्नल म्हणून निवृत्त झालो, आता इंदूरजवळ महूला राहतो. अशा मंचावर फौजी चढला की श्रोते सरसावून बसतात, आता सीमेवरची गोष्ट येणार म्हणून. आज तशी गोष्ट नाही. माझ्या हातात आज हे काळं वाद्य आहे, आणि माझ्याकडून झालेली एक चूक सांगायला मी उभा आहे.

हे क्लॅरिनेट. तुम्ही सगळ्यांनी ते ऐकलंय. वरातीपुढच्या बँडात उंच आवाजात गाणं म्हणत जातं, ते हेच. सुमारे 1700 साली न्यूरेंबर्गच्या डेनर नावाच्या कारागिराने एका जुन्या, साध्या वाद्यात सुधारणा करून ते घडवलं. मिलिटरी बँडात व्हायोलिन नसतात. ऑर्केस्ट्रात व्हायोलिन जे काम करतात, ते आमच्याकडे क्लॅरिनेट करतात.

याची एक खोड सांगतो. बासरीवर खालचा 'सा' धरून फुंक वाढवली की वरचा 'सा' लागतो. सनईचंही तेच. क्लॅरिनेटचं तसं नाही. इथे मागे अंगठ्याजवळ एक कळ आहे. मध्य सप्तकातला 'सा' धरून ही कळ दाबली की वरचा 'सा' ओलांडून एकदम तार सप्तकातला 'प' येतो. त्यामुळे खाली शिकलेली बोटं वर उपयोगी पडत नाहीत, आणि मधला सांधा ओलांडताना नवशिक्याचं वाद्य हमखास किंचाळतं. माझं दीड वर्ष किंचाळत होतं. तेवढं किंचाळणं एका माणसाने शांतपणे ऐकून घेतलं.

1987 साल. मी कॅप्टन होतो, वय सत्तावीस, नेमणूक एका रेजिमेंटल सेंटरवर. सेंटरला स्वतःचा बँड होता. त्या बँडात सातारा जिल्ह्यातले एक हवालदार पहिलं क्लॅरिनेट वाजवायचे. पचमढीला लष्कराचं संगीत शिक्षण केंद्र आहे, तिथे ते तयार झालेले. नोटेशन वर्तमानपत्रासारखं वाचायचे. एकदा संध्याकाळी बँडरूमवरून जाताना त्यांचा सराव कानावर आला आणि मी दारातच थांबलो. दुसऱ्या दिवशी जाऊन म्हटलं, मला शिकवाल का?

ते म्हणाले, "साहेब, सकाळी साडेपाचला यावं लागेल. पीटीच्या आधी. आणि खोलीत आल्यावर मी साहेब म्हणणार नाही."

फौजेत जो शिकवतो त्याला उस्ताद म्हणतात. ड्रिल शिकवणारा उस्ताद, हत्यार शिकवणाराही उस्ताद. अकादमीत कॅडेट असताना हवालदार आमच्यावर ओरडतो आणि आम्ही "जी उस्ताद" म्हणतो. खांद्यावर तारे लागले की तोच हवालदार आम्हाला सॅल्यूट करतो. मी तारे लागल्यानंतर पुन्हा उस्तादांपुढे बसलो. पहाटेची पाऊण तास रँक उलटी असायची, आणि पीटीची शिट्टी झाली की सुलटी.

पहिले सहा महिने त्यांनी मला एकही धून दिली नाही. फक्त लांब सूर. दहा मोजेपर्यंत सूर हलता कामा नये. हलला की ते काही बोलायचे नाहीत, पुन्हा एकपासून मोजायचे. मग भूपातली एक सरगम दिली. बँडवाल्याला भूप कशाला, असं मी विचारलं, तेव्हा म्हणाले, "पाच सुरांत सगळं सांगता आलं, तर उरलेले कशाला लागतात?"

बँडवाल्यांबद्दल एक गोष्ट बाहेर फारशी माहीत नसते. युद्धात ते वाद्य ठेवून स्ट्रेचर उचलतात. माझे उस्ताद 1971 मध्ये स्ट्रेचरवर होते. त्याबद्दल ते एकदाच बोलले. म्हणाले, जखमी माणूस नेताना आपला श्वास सारखा ठेवायचा, त्याला आपला श्वास ऐकू येत असतो. आणि लगेच म्हणाले, "चला, लांब सूर."

आता माझी चूक.

1988 च्या हिवाळ्यात मेसमध्ये गेस्ट नाईट होती. बाहेरून एक वरिष्ठ अधिकारी सपत्नीक आले होते. अशा रात्री व्हरांड्यात बँड वाजतो आणि आत जेवण चालतं. जेवणानंतर माझ्या कमांडिंग ऑफिसरनी कौतुकाने सांगितलं, आमचा हा कॅप्टन क्लॅरिनेट वाजवतो. मला वाजवायला लावलं. मी भूप वाजवला. टाळ्या झाल्या. पाहुण्या बाईंनी विचारलं, "किती छान! कुठे शिकलात?"

व्हरांड्याचं दार उघडं होतं. दारापासून सहा पावलांवर उस्ताद लाल गणवेशात उभे होते.

मी म्हणालो, "शाळेत. आमच्या मिशनच्या शाळेत एक फादर होते."

असे कुणी फादर नव्हते. माझी शाळा नगरपालिकेची. मी असं का बोललो, हे मी तेव्हाही स्वतःला विचारलं नाही. तो प्रश्न इंग्रजीत आला होता, समोर चांदीची भांडी होती, आणि "आमच्या हवालदाराने शिकवलं" हे वाक्य त्या टेबलावर मला लहान करेल असं वाटलं. मी उस्तादांकडे पाहिलं नाही. बँड पुन्हा सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला मी गेलो. ते आधीच बसलेले होते. म्हणाले, "चला, लांब सूर." तीन महिन्यांनी माझी बदली झाली. मी त्यांना एक पेन दिलं, हात मिळवला आणि गेलो. बोललो काहीच नाही.

पुढची पस्तीस वर्षं पटकन ओलांडतो. नोकरी, डोंगर, वाळवंट, मुलांच्या शाळा. क्लॅरिनेट ट्रंकेत. निवृत्तीनंतर ट्रंक उघडली तर बुचांची झीज झालेली, पॅड सुटलेले. दुरुस्त करून आणलं आणि पुन्हा लांब सुरापासून सुरू केलं.

महू-इंदूरला माझी दोघींशी ओळख झाली. एक निवृत्त संगीतशिक्षिका, मूळच्या गोव्याच्या, व्हायोला वाजवणाऱ्या. व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण. अंगाने जरा मोठी, आवाजाने जरा खालची. दुसरी इंदूरच्या एका कंपनीत काम करणारी तरुण इंजिनिअर, पियानो वाजवणारी. क्लॅरिनेट, व्हायोला आणि पियानो. मी म्हटलं, या तीन वाद्यांसाठी कोण लिहिणार? शिक्षिकाबाई हसल्या. म्हणाल्या, "मोझार्ट चालेल का?"

पाश्चात्त्य संगीतात चेंबर म्युझिक नावाचा प्रकार आहे. म्हणजे खोलीतलं संगीत. चारपाच माणसं, प्रत्येकाची ओळ वेगळी, आणि समोर काठी हलवणारा कंडक्टर नाही. आपली बैठक जशी जवळच्या माणसांची, तशीच ही. या तीन वाद्यांसाठी मोझार्टने 5 ऑगस्ट 1786 रोजी एक त्रयी पूर्ण केली. ती पहिल्यांदा वाजली व्हिएन्नातल्या एका घरात. क्लॅरिनेटवर मोझार्टचा मित्र अँटोन स्टाडलर. पियानोवर त्या घरची तरुण मुलगी फ्रांझिस्का, मोझार्टची विद्यार्थिनी. आणि मोझार्ट कुठे? तो त्या काळातला नावाजलेला पियानोवादक, पण पियानो त्याने शिष्येला दिला आणि स्वतः व्हायोला घेऊन मधला आवाज धरला.

हे ऐकल्यावर मी बराच वेळ गप्प होतो. मला साडेपाचची बँडरूम आठवत होती.

पुढे 1853 च्या ऑक्टोबरात रॉबर्ट शूमनने याच तीन वाद्यांसाठी चार छोट्या रचना लिहिल्या, नाव दिलं परीकथा, आणि त्या अर्पण केल्या आल्बर्ट डिट्रिशला, म्हणजे आपल्या शिष्याला. त्याच महिन्यात वीस वर्षांचा ब्राम्स शूमनच्या घरी आलेला होता, आणि या पोराचं नाव लक्षात ठेवा, असा लेख शूमनने लिहून छापला. चार महिन्यांनी शूमनचं मन इतकं ढासळलं की त्याने ऱ्हाइन नदीत उडी घेतली. त्याला वाचवलं, पण तो घरी परतला नाही. हातात वेळ होता तोवर त्याने शिष्यांची नावं घेऊन ठेवली होती.

आणि 1990 मध्ये हंगेरीच्या ग्योर्गी कुर्तागने याच तीन वाद्यांसाठी शूमनला वंदन म्हणून सहा भागांची रचना पूर्ण केली. पहिले पाच भाग अगदी छोटे, शेवटचा सगळ्यांत लांब. तो निरोपाचा भाग आहे. अगदी शेवटी क्लॅरिनेटवाला वाद्य बाजूला ठेवतो आणि मोठ्या ढोलावर एकच हळू ठोका देतो. संपलं.

म्हणजे बघा. मोझार्टने शिष्येच्या बरोबरीने बसून वाजवलं, शूमनने शिष्याला रचना अर्पण केली, आणि शूमननंतर 137 वर्षांनी कुर्ताग त्याच्या पाया पडला. एकाच प्रकारच्या तीन वाद्यांत हे सगळं चाललंय.

आम्ही तिघांनी ठरवलं की आपापल्या गुरूंसाठी एक कार्यक्रम करायचा. फोटोला हार नको, भाषण नको. वाजवायचं, आणि वाजवण्याआधी प्रत्येकाने आपल्या गुरूचं नाव घ्यायचं.

शिक्षिकाबाईंचे गुरू गोव्यात चर्चच्या शाळेत मुलांना सूर वाचायला शिकवायचे. नंतर मुंबईत त्यांनी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवलं. गोव्याच्या अशा कितीतरी वादकांनी आपल्या हिंदी गाण्यांत आयुष्य ओतलं, आणि त्यांची नावं पडद्यावर आली नाहीत. याला एक लखलखीत अपवाद आहे. संगीतकार प्यारेलाल व्हायोलिन शिकले माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे. 1977 च्या 'अमर अकबर अँथनी'मध्ये या जोडीने गुरूचं पूर्ण नावच गाण्यात घातलं. देशभर लोक ते गाणं म्हणत नाचले, आणि ते एका शिक्षकाचं नाव आहे हे बहुतेकांना माहीतही नव्हतं. बाई म्हणाल्या, "माझ्या सरांसाठी कुणी गाणं केलं नाही. मी निदान नाव घेते."

इंजिनिअर मुलगी लॉकडाऊनमध्ये मोबाईलच्या पडद्यावर शिकलेली. तिच्या बाई दुसऱ्या लाटेत गेल्या. दोघींची प्रत्यक्ष भेट कधी झालीच नाही.

मग दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना मेसमधली गोष्ट सांगितली. माझ्या बायकोलाही तोवर सांगितलेली नव्हती.

तालमी सुरू झाल्या. पहिल्याच दिवशी मी सवयीने म्हणालो, "रेडी? वन, टू, थ्री." बाईंनी बो खाली ठेवला. म्हणाल्या, "कर्नलसाहेब, इथे कुणी रँक लावून बसत नाही. मोजू नका, श्वास घ्या. आम्हाला ऐकू येईल." मोझार्टच्या सुरुवातीला व्हायोला आणि पियानो एक मुरकी घेतात, क्लॅरिनेट तेव्हा गप्प असतं. ते दोघींचं ऐकतं आणि मग बोलतं. मला आयुष्यभर आधी बोलायची सवय. आठ महिने लागले. कुर्ताग आम्हाला झेपला नाही, ते कबूल करतो. मोझार्ट पूर्ण आणि शूमनचे दोन भाग बसले.

मध्यंतरी मी उस्तादांचा शोध सुरू केला होता. साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत निरोप पाठवला. मनाची तयारी केली होती की उशीर झाला असेल. महिन्याभराने फोन आला. पलीकडून आवाज: "साहेब, लांब सूर चालू आहे का?"

वय चौऱ्याऐंशी. गुडघे गेलेले, प्रवास जमणार नव्हता. मग आम्हीच गेलो. मे 2024. गावातल्या जिल्हा परिषद शाळेची एक खोली मिळाली. सुट्टी असल्याने बाकं एका कडेला रचलेली. पियानो नव्हताच, कीबोर्ड होता, तोही इन्व्हर्टरवर, कारण वीज गेलेली. पन्नासेक माणसं जमली. त्यांत निवृत्त फौजी बरेच. साताऱ्याकडे ते असतातच. एका म्हाताऱ्याने मला विचारलं, "ह्ये वरातीत वाजवत्यात त्येच न्हवं?" मी म्हटलं, तेच. त्याला बरं वाटलं.

उस्ताद पुढे खुर्चीत. दात गेले की क्लॅरिनेट सुटतं, ओठाला आधार राहत नाही. त्यांचं वीस वर्षांपूर्वी सुटलं होतं. मी म्हटलं, "उस्ताद, शेवटी ढोलावर एक ठोका तुम्ही द्या." मला कुर्तागची ती जागा फार आवडली होती. ते म्हणाले, "ढोल ढोलवाल्याचं काम आहे. मी क्लॅरिनेटवाला." विषय संपला.

आम्ही सूर जुळवू लागलो. माझं कीबोर्डशी जुळेना. मी रीड बदलली, ओठ बदलला. घाम फुटला. मागून आवाज आला: "कीबोर्ड बरोबर आहे. तुम्ही वर आहात. उन्हाने चढलंय. बॅरल ओढा बाहेर, एक सूत." बॅरल म्हणजे हा इथला छोटा तुकडा. मी ओढला. जुळलं. पोरं हसली. चौसष्ट वर्षांचा कर्नल वर्गात दुरुस्त होत होता, आणि मला इतकं हलकं कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

आपल्याकडे गवई उस्तादाचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतो. सॅल्यूटला हात भुवईपर्यंत जातो. तिथून कान चार बोटं पुढे. तेवढं अंतर मला पस्तीस वर्षं लागली. मी कानाला हात लावला, त्यांचं पूर्ण नाव घेतलं, हुद्दा सांगितला आणि म्हणालो, "मी क्लॅरिनेट यांच्याकडे शिकलो. 1988 मध्ये मला हे विचारलं होतं, तेव्हा मी खोटं बोललो. शाळेत शिकलो म्हणालो. आज शाळेतच उभा राहून खरं सांगतो."

मग आम्ही वाजवलं. सगळं काही स्वच्छ झालं नाही. शेवटच्या भागात एक जागा माझ्या हातून सुटली, मुलीने सांभाळून घेतली. सर्वांत शेवटी भूपातली ती सरगम. पियानोवर 'सा' आणि 'प', व्हायोलाची खालची साथ. उस्ताद डोळे मिटून बसले होते. त्यांच्या उजव्या हाताची बोटं मांडीवर हलत होती.

नंतर त्यांच्या घरी चहा. मी पुन्हा विषय काढला. त्यांनी हात झटकला. "सोडा हो साहेब. नावाचं काय एवढं. त्या रात्रीसुद्धा तुम्ही वर गेला होता, भूपात. थंडीत वर जायचं कारण नव्हतं. घाबरला होता." मला वाटलं, सुटलो. पस्तीस वर्षं वाहिलेलं ओझं या माणसाने सुराची चूक म्हणून बाजूला ठेवलं.

वहिनी चहाचा ट्रे ठेवत होत्या. त्या सेंटरवर फॅमिली क्वार्टरमध्ये राहायच्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "ह्ये त्या राती जेवलं नव्हतं, साहेब."

उस्ताद म्हणाले, "अगं, राहू दे." मग कुणीच काही बोललं नाही. माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. मी वाकून दोघांना नमस्कार केला.

तुमच्यापैकी कुणाला वाटलं असेल की गोष्ट गोड संपली. अर्धीच संपली. नाव घेतलं म्हणून त्या रात्रीची भाकरी परत ताटात येत नाही. पण समजा मी गेलोच नसतो, तर ती गोष्ट फक्त त्या दोघांकडे राहिली असती आणि मी महूला बसून मोझार्ट वाजवत राहिलो असतो.

या भाषणातही मी उस्तादांचं नाव घेतलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. यावेळी लपवत नाही. येण्याआधी फोन करून परवानगी मागितली होती. ते म्हणाले, "गावात घेतलंत, पुष्कळ झालं. मोबाईलवर नको. लोक फोन करत बसतात." उस्तादांचा हुकूम आहे, मोडता येत नाही.

तुमचं तसं नाही. तुम्हाला कुणीतरी काहीतरी शिकवलंय. गाडी चालवायला, हिशेब ठेवायला, भाकरी थापायला, चारचौघांत बोलायला. आणि कधीतरी, एखाद्या चांगल्या टेबलावर, "कुठे शिकलात?" या प्रश्नाला तुम्ही जरा बरं दिसणारं उत्तर दिलंय. नसेल दिलं तर तुम्ही माझ्यापेक्षा बरे. दिलं असेल, तर तो माणूस अजून आहे का, एवढं आज घरी गेल्यावर बघा. असेल तर जा. चारचौघांत नाव घ्या. घरातल्या माणसाने काही सुनावलं तर ऐकून घ्या.

मी रोज पहाटे साडेपाचला बसतो. दहा मोजेपर्यंत सूर हलता कामा नये. अजून हलतो. मग पुन्हा एकपासून.

जय हिंद.